तरे मॅडमची फळी

डॉ. यमुना तरे मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर सहा फुटांची एक सागवानी फळी होती. भिवंडीच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. दारात कुणीतरी काहीतरी आडवं घेऊन अडकलंय म्हणून मी उठले, तर पदर खोचलेल्या, चष्मा नाकावर घसरलेल्या एक बाई फळी तिरकी करून आत यायचा प्रयत्न करत होत्या. "ही तुमच्या कपाटामागे ठेवू का?" त्यांनी विचारलं. "झूऑलॉजीत जागा नाही म्हणतात. मला अजून नाही म्हणालेले नाहीत, फळीला नाही म्हणाले." मी ठेवा म्हटलं. फळीवर मापाच्या खुणा होत्या, वर सरकणारी एक आडवी पट्टी होती आणि खाली पाय ठेवायला पाट. फळी भिंतीला लागल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओळखपाळख नसताना म्हणाल्या, "चपला काढ, उभी राहा." मी राहिले. वहीत माझं नाव, वय, उंची लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं?" मी म्हटलं, "आई." "मग आईला घेऊन ये एकदा," म्हणाल्या आणि आपल्या तासाला निघून गेल्या.

मॅडम प्राणिशास्त्र शिकवत, पण त्यांचं खरं काम बायकांच्या हाडांवर होतं. वय झालं की पाठीचे मणके खचतात आणि माणूस बुटका होतो, हे आपल्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसांवरून माहीत असतं. मॅडमना छळणारा प्रश्न एवढाच होता, की आपल्या भागातल्या बायका इतक्या लवकर का खचतात. ज्या वयात नवरा मोटारसायकलवर ताठ बसून फिरतो त्या वयात बायको पाठीत वाकलेली. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणे, घराण्यात असेल. मॅडमना हे उत्तर पटत नव्हतं. "डॉक्टर विचारतात, तुझ्या आईला होतं का," त्या म्हणायच्या. "मी विचारते, तुझ्या सासूला होतं का. रक्त नको बघूस, शैला, चूल बघ."

यावरच त्यांचं सगळं संशोधन उभं होतं आणि मला अजूनही वाटतं, हे फक्त आपल्या मुलखातल्या बाईलाच सुचलं असतं. सासू आणि सून यांचं रक्त वेगळं, पण चूल एक. सून आणि तिची सख्खी बहीण यांचं रक्त एक, पण लग्न झाल्यावर चुली दोन. मॅडमनी अशा सासू-सुना निवडल्या, त्या सुनांच्या दुसरीकडे दिलेल्या बहिणी शोधून काढल्या, आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच फळीला त्यांना पाठ लावून उभं केलं. सून जर बहिणीसारखी न खचता सासूसारखी खचत गेली, तर दोष रक्ताचा नव्हे, त्या घरात बाईला काय मिळतं आणि काय उपसावं लागतं याचा. सांगायला दोन मिनिटं लागतात. करायला आयुष्य लागतं, कारण सून म्हातारी व्हायची वाट बघावी लागते. मॅडम वाट बघत होत्या. "हाड घाईत काही सांगत नाही," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं.

शनिवारी-रविवारी पहाटे उठून त्या वज्रेश्वरीकडे जाणारी पहिली एस.टी. पकडत. फळी आतल्या मधल्या वाटेत आडवी. कंडक्टर ओळखीचे झाले होते, "मॅडम, आज फळीला खिडकी पायजे का?" म्हणून चिडवत. नंतर गेलं तर चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माप सकाळचंच. संध्याकाळी बाई दमलेली असते आणि तिची पाठही दमलेली असते, ती कमी भरते. तिच्यावर आणखी तो अन्याय नको." स्वतः त्या टेमघरच्या, आगरी घरातल्या. भावांची गोदामं होती, बंगला होता, त्या बंगल्याच्या तळमजल्यावर त्या एकट्या राहत. त्यांचा धाकटा भाऊ माझ्यासमोर म्हणाला होता, "तायी, यवरं शिकून लोकांच्या बायका मोजत फिरतंस. आपली गोदामं मोजली असतीस तं बरा झाला असता." मॅडम हसल्या आणि पुढच्या शनिवारचे कपडे काढायला आत गेल्या.

दिघाशीच्या अलीकडे एक गाव आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. नावं आणि चेहरे छापल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्या गावातल्या एका शेतकरी घरात मी मॅडमबरोबर बरेचदा गेले. टाच आत ठेवली की हाडाचा घट्टपणा सांगणारं एक छोटं यंत्र त्यांना एका डॉक्टर मैत्रिणीनं वापरायला दिलं होतं, ते मी उचलायची. घरात एक आजी, तिची सून जिला मी वहिनी म्हणायची, आणि वहिनीची मुलगी. आजी फळीवर उभी राहिली की विचारायची, "बाय, यंदा किती उतरले मी?" मॅडम सांगायच्या, "दोन रेघा." "उतरूं दे. डोक्यावरचा हंडा तेवढाच खाली येल," आजी म्हणायची आणि बाकीच्या बायका हसायच्या. कॉलेजात शुद्ध बोलणाऱ्या मॅडम तिथं पाटावर बसल्या की, "हाय का भाकर? न्हाय म्हणू नकोस, वास येतंय," असं बोलायच्या. वहिनी दूरच्या तालुक्यातून सून म्हणून आलेली. चाळिशीतच तिची पाठ आजीच्या वाटेनं चालली होती. तिची धाकटी बहीण वाड्याकडे दिलेली, ती अजून सरळ. मॅडमच्या वहीत अशा बऱ्याच जोड्या होत्या, पण ही जोडी त्यांची लाडकी होती.

कॉलेजात मात्र हे काम म्हणजे एक चेष्टेचा विषय होता. विभागप्रमुख म्हणायचे, "टेप घेऊन फिरणं म्हणजे रिसर्च नव्हे, ते शिंपीही करतो." अनुदानासाठी पाठवलेला प्रस्ताव परत आला, त्यावर कुणा तज्ज्ञानं आधुनिक उपकरणांचा अभाव असा शेरा मारला होता. हेच लोक महिला दिन आला की मॅडमना आठवणीनं बोलवायचे. एका वर्षी त्यांना रांगोळी स्पर्धेचं परीक्षण दिलं. दुसऱ्या वर्षी प्राचार्यांना कल्पना सुचली, की मॅडम हाडांवर काम करतात तर कॅल्शियमयुक्त पाककृतींची स्पर्धा घेऊ. मॅडमनी नाचणीचे अकरा प्रकार चाखले, शाल घेतली आणि लायब्ररीत येऊन मला म्हणाल्या, "सगळे पदार्थ बायकांनी केले आणि सगळे पुरुषांनी संपवले. हेही वहीत लिहायला हवं."

एकदा मात्र त्यांचा एक छोटा लेख बाहेरच्या नियतकालिकात छापून आला आणि मी हरखून अंक उघडला, तर पहिलं नाव विभागप्रमुखांचं. रजेच्या अर्जांवर त्यांची सही लागते, तेवढाच त्यांचा या संशोधनाशी संबंध. मी रागानं अंक टेबलावर आपटला. मॅडमनी तो उचलून तक्ता तपासला, बोटानं एकेक आकडा वाचला. "नाव कुणाचंही असू दे गं. बायकांची मापं बरोबर छापलीत ना, बघितलंस का?" मला त्यांचा त्या क्षणी संताप आला. इतकं चांगलं असू नये माणसानं, बाईनं तर मुळीच असू नये, असं मला वाटलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की या बाईचं नाव मी मोठं करणार.

तशी संधी माझ्याकडे होती. कॉलेजच्या महिला विकास कक्षाची मी सचिव. दरवर्षी काहीतरी प्रदर्शन भरवायचं आणि त्याचे फोटो वर पाठवायचे, हे माझं काम. मी मॅडमना तीन वेळा म्हटलं, तुमच्या कामाचं प्रदर्शन करू. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "प्रसिद्धी नको, मला अजून चार वर्षं दे." चार वर्षांत त्यांच्या बऱ्याचशा सुना त्या वयाला पोचणार होत्या, ज्या वयात सासवांचं पहिलं माप घेतलं होतं. मग दोन्ही मापं शेजारी ठेवता येणार होती. मी ते ऐकलं, पण मला त्यात विनयच दिसला. आपल्याकडे मोठ्या माणसानं नको म्हटलं की तो प्रसिद्धीपराङ्मुख आहे असं समजायची पद्धत आहे. त्याला खरंच नको असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

त्या वर्षी महिला दिनाचा विषय वरून आला तोच स्त्रिया आणि विज्ञान असा. मॅडम आठवडाभर रजेवर होत्या, वाड्याकडच्या बहिणींची मापं घ्यायला. त्यांच्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असे. मी कपाट उघडलं, फोटो काढले आणि भिवंडीत गल्लोगल्ली असतात तशा एका फ्लेक्सवाल्याकडे गेले. फोटो सासू-सुनेचे होते. आजीचा एक, वहिनीचा एक. त्यांतच वहिनीच्या मुलीचाही एक होता, कधीतरी गंमत म्हणून फळीवर उभी राहिलेली, हसणारी. तिच्या हाडांना काहीही झालेलं नव्हतं. पण तीन फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर ते इतके छान दिसले, की मला मथळाच सुचला. एकाच घरातल्या तीन पिढ्या, खचत जाणारी हाडं. खाली, डॉ. यमुना तरे यांचे अभिनव संशोधन. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं वरून खाली येणारा एक लाल बाण काढला. तो आजीच्या डोक्यावरून निघून वहिनीच्या कपाळापाशी आणि तिथून पोरीच्या खांद्यापर्यंत उतरत होता. "मॅडम, अब दूर से भी समझ में आएगा," तो म्हणाला. मला बाण आवडला.

महिला दिनाच्या सकाळी दहा फुटांचा तो फ्लेक्स गेटवर लागला. मॅडम रिक्षातून उतरल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले, कौतुकाच्या अपेक्षेनं. त्यांची नजर लाल बाणावरून पोरीपर्यंत उतरली. मग विचारलं, "ह्या पोरीला इथं कुणी उभं केलं?" मी म्हटलं, तीन पिढ्या म्हटल्यावर लोकांच्या लक्षात राहतं. त्या म्हणाल्या, "आजीची नात आहे ती. आजी, आई, पोरगी असं लावलंस तर लोक काय वाचतील? रक्तच वाचतील. मी इतकी वर्षं जे नाही म्हणून सांगायला धडपडतेय ना, तेच तू दहा फुटांवर छापलंस." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या प्राचार्यांकडे गेल्या, फ्लेक्स आत्ता उतरवा म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले, पाहुणे वाटेत आहेत, कार्यक्रम होऊ दे. पाहुणे म्हणजे एक नगरसेवक. त्यांनी फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढून घेतले, ते सगळ्या फोनांवर गेले. मॅडमना शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला, तोवर तो तालुकाभर पोचला होता.

त्या पोरीचं लग्न ठरलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला तेव्हा कळलं. मुलाकडच्यांनी फोटो पाहिला होता आणि साखरपुडा पुढं ढकलला होता. आम्ही दोघी गेलो. फळी नेली नव्हती. आजी पडवीत बसली होती, तिनं नेहमीसारखं काही विचारलं नाही. वहिनी पाणी घेऊन आली आणि उभ्या उभ्याच बोलली. "म्याडम, तुम्ही आल्या की आम्ही हातातलं काम टाकून फळीवर उभ्या ऱ्हायलो. तुम्ही मोजलं, लिवलं, कुणाला दाखवलं न्हाय. भरवसा होता. आता ते लोक म्हणतात, घराण्यातच हाडं कच्ची हायेत, उद्या पोरं पन तशीच व्हतील. माझ्या पोरीला काय झालंय, सांगा मना? कुणी लावला तिचा फोटू?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "माझ्या कॉलेजनं लावला. चूक माझी हाय." आणि मी गप्प बसले. आजवर मी स्वतःला बऱ्याच गोष्टी समजावल्या आहेत, की मॅडमनी मला बोलू दिलं नाही, की बोलून काय फरक पडला असता. त्यातली एकही खरी नाही. मी घाबरले होते आणि कुणीतरी माझ्या वतीनं चूक घेतेय याचं मला बरं वाटलं होतं.

तिथून आम्ही मुलाच्या घरी गेलो. वडिलांचे दोन टेम्पो होते, घरात नवा सोफा होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला आणि मॅडमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मॅडमनी सासू-सुनेचं समजावलं, बहिणींचं समजावलं, हे रक्तात नाही, पोटाला काय मिळतं आणि डोक्यावर काय चढतं त्याचं आहे असं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे पोरगी आमच्याकडं येऊन खचली तर दोष आमच्या चुलीचा, असं म्हणता तुम्ही?" मॅडम म्हणाल्या, "हो." तो हसला. "ते राहू द्या मॅडम. आमचा तुमच्यावर पूरा भरोसा हाय. तुम्हीच छापलंय, तर तुम्हीच लिहून द्या ना, पोरगी पक्की हाय म्हणून. मशीन हाय तुमच्याकडं, असं ऐकलंय. कागद दिलात तर आमचं काय म्हणणं न्हाय."

परत येताना एस.टी. चुकली म्हणून आम्ही फाट्यावरच्या टपरीच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, देऊन टाका ना कागद. तिची हाडं चांगलीच आहेत, खोटं तर लिहायचं नाही. "खोटं नाही गं," मॅडम म्हणाल्या. "पण एकदा मापावर लग्न ठरायला लागलं की माप खरं येत नाही. आज बाया फळीवर सैल उभ्या राहतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. उद्या टाचा उचलतील. म्हाताऱ्यांना मी आले की आत बसवतील, वाकलेली सासू पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मग माझ्या वहीत जे येईल त्याला काही अर्थ नाही. आणि चार वर्षं राहिलीत फक्त." मी विचारलं, मग काय करणार? त्या माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या. "काय करणार म्हणजे? माझ्या वह्यांसाठी ती पोरगी घरी बसवू?"

पुढच्या शनिवारी त्यांनी त्या पोरीची टाच यंत्रात ठेवली आणि साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. लग्न झालं. आम्हाला आमंत्रण होतं, गेलोही. हॉलमध्ये माइकवरून मॅडमचं नाव पुकारलं, हाडांच्या डॉक्टर म्हणून. मुलाच्या वडिलांनी स्वतः शाल घातली. मॅडमनी त्या पोरीला जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्या पंगतीला बसत जा म्हटलं." पोरगी बसू शकली असेल असं मला वाटत नाही.

पुढचं मॅडम बोलल्या होत्या तसंच झालं, फक्त मला वाटलं होतं त्याहून लवकर. त्यानंतरच्या फेरीत एका घरात म्हातारी बाहेर गेलीय असं सांगितलं आणि आतून तिचा खोकला ऐकू येत होता. एका सुनेनं उंच दिसावं म्हणून अंबाड्यात फडकं भरलं होतं, पट्टी डोक्यावर टेकेना तेव्हा ते खाली पडलं आणि ती रडायला लागली. मॅडमनी तिचं फडकं उचलून घडी करून हातात दिलं. त्या दिवशी वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. दुसरीकडे कॉलेजात मुलींचे बाप येऊ लागले. कुणी टेमघरहून, कुणी थेट वज्रेश्वरीहून, सोबत मुलीचा फोटो आणि जन्मतारीख. मॅडम कुणालाही कागद देत नव्हत्या, तरी लोक येत राहिले. प्राचार्य खूष झाले. त्यांनी कन्या अस्थी तपासणी केंद्र अशी पाटी लावायचं ठरवलं, उद्घाटनाला तोच नगरसेवक. इतकी वर्षं जागा नव्हती त्या झूऑलॉजीनं एक खोली रिकामी करून दिली. मॅडमनी यंत्र मैत्रिणीला परत नेऊन दिलं आणि फळी टेमघरला नेली. सुनांची चार वर्षं उरली होती ती उरलीच.

निवृत्तीच्या दिवशी त्या लायब्ररीत आल्या, सोबत एका खोक्यात सतरा वह्या. मी तोवर त्यांची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली, वहिनीसमोर गप्प बसले त्याचीही. त्यांनी मला थांबवलं नाही, पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुला वाईट वाटतंय ते बरोबरच आहे. वाटू दे." एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही त्यांच्याकडून ते काढून घेतलं नाही. खोकं टेबलावर सरकवून त्या म्हणाल्या, "ह्या तुझ्याकडे ठेव. कुणाला वाचायला देऊ नकोस, सगळ्यांची नावं आहेत ह्यात." मी विचारलं, माझ्याकडे का? त्या म्हणाल्या, "तू आता छापणार नाहीस म्हणून."

गेल्या वर्षी कावीळ उलटून त्या गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. विभागप्रमुख निवृत्त झाले होते, तरी खास आले आणि आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम असं बोलले. प्राचार्यांनी मलाही बोलायला सांगितलं, कारण मॅडमचं संशोधन समाजापर्यंत नेण्याचं श्रेय माझं. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मला भरून आलंय. वह्या माझ्या कपाटात आहेत. सून सासूसारखी खचते की बहिणीसारखी, याचं उत्तर तीन चतुर्थांश त्यांत लिहिलेलं आहे. मी बारा वेळा वाचलं आहे, आणि मला ते कुणालाही सांगता येत नाही.

परवा एक गृहस्थ लायब्ररीत आले. शिपायानं पाठवलं होतं, तरे मॅडमची चौकशी केली की तो माझ्याकडे पाठवतो. मुलीचं जमत आलंय, समोरच्यांना हाडांचा कागद हवाय, मॅडम कुठं भेटतील असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मॅडम वारल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "मंग आता कोन देतंय?"

"कुणीच देत नाही," मी म्हटलं.

"असं कसं," ते म्हणाले. "येवढं मोठं काम होतं मॅडमचं. आमच्याकडं घरोघर नाव हाय त्यांचं. कुनीतरी पुढं चालवायला पायजे."

ते अगदी मनापासून बोलत होते.